जुनी एएमटी गाडी आणि एक्स्टेंडेड वॉरंटी: साताऱ्यातले चौदा महिने

आधी आकडे सांगते, म्हणजे ज्यांना तेवढेच हवेत त्यांची सुटका. २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक, एएमटी (क्लचचं पेडल नसलेला, आपोआप गिअर टाकणारा) गिअरबॉक्स. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्याच्या एका जुन्या गाड्यांच्या यार्डातून ४ लाख ३५ हजाराला घेतली, तेव्हा मीटरवर ४६,२०० किलोमीटर होते. आज ६२,९०० आहेत. दोन वर्षांच्या एक्स्टेंडेड वॉरंटीला १८,९०० रुपये मोजले. आतापर्यंत वॉरंटीतून ५२,१०० रुपयांचं काम झालं आणि त्याच कामांपायी माझ्या खिशातून १२,७०० गेले. तीन क्लेम निकाली निघाले: एक सरळ पास, एक नामंजूर, एक भांडून पास. चौथा लटकलाय.

मी जावळी तालुक्यात शिक्षिका आहे, राहायला साताऱ्यात गोडोलीला. रोज मोळाच्या ओढ्यावरून मेढ्याच्या बाजूला जाऊन येऊन पन्नासेक किलोमीटर होतात. डाव्या गुडघ्याने क्लच दाबायला साफ नकार दिल्यावर ऑटोमॅटिक बघायला लागले आणि बजेटात एएमटीच बसत होती. जुनी गाडी, त्यात एएमटी, म्हणून वॉरंटी घेतली. यार्डातला मुलगा म्हणाला, “मॅडम, इंजिन, गिअरबॉक्स, एसी, सगळं कव्हर आहे.” कागद बारीक इंग्रजी टायपातले, अकरा पानं. मी ते घरी आल्यावर वाचले. पैसे भरायच्या आधी वाचायला हवे होते, पण पोरांना ‘प्रश्न नीट वाचा’ सांगणारी मीच, तेव्हा आणखी काय बोलणार.

त्या ‘सगळं’मध्ये क्लच प्लेट नव्हती. ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, वायपर, बल्ब, बेल्ट, रबरी बुश हे झिजणारे भाग म्हणून बाहेर. इंजिन ऑइल, कूलंट, एसीचा गॅस हेही बाहेर. पहिले पंधरा दिवस क्लेम नाही, एका क्लेमला ५० हजारांची मर्यादा, गाडी खोलण्याआधी फोन करून क्लेम नंबर घेणं सक्तीचं. सर्व्हिस दर १० हजार किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल ते, आणि तिचं पक्कं जीएसटी बिल हवं. हे शेवटचं कलम मला महाग पडलं. आमचे गल्लीतले मिस्त्री कॅलेंडरच्या पाठीवर हिशोब लिहून देतात. त्यांच्याकडे ज्या सर्व्हिसचे २,७०० झाले असते, त्याच सर्व्हिसला वर्कशॉपमध्ये ४,६०० द्यावे लागले. वॉरंटीची किंमत धरताना हे वरचे १,९०० कुणी धरत नाही.

पहिला क्लेम एसीचा, एप्रिल २०२५. थंड हवा येईना. कंडेन्सरला गळती निघाली. फोन, फोटो, दुसऱ्या दिवशी मंजुरी, चौथ्या दिवशी गाडी हातात. कंडेन्सरचे ६,४०० आणि मजुरीचे १,२०० त्यांनी भरले, गॅसचे १,८०० मी. इथे तक्रार करण्यासारखं काही नाही.

दुसरा क्लेम दहा मिनिटांत उडाला. खड्ड्यातून जाताना पुढून खडखड यायची, निघाला सस्पेन्शनचा लिंक रॉड. झिजणारा भाग, विषय संपला. मिस्त्रींनी दोन्ही बाजूंचे मिळून १,४०० मध्ये बदलून दिले.

मध्ये जुलैत उंदरांनी वॉशरच्या पाण्याची नळी कुरतडली. तो क्लेम टाकलाच नाही, कारण उंदीर वॉरंटीत बसत नाहीत हे अकरा पानांत स्पष्ट लिहिलेलं होतं. मिस्त्रींनी तंबाखूची पुडी बॉनेटखाली बांधायला सांगितली. पुढे वर्कशॉपमधल्या पोराने बॉनेट उघडून ती पुडी बघितली आणि माझ्याकडे जे बघितलं, ते अजून आठवतंय. शाळेच्या भिंतीवर ‘तंबाखूमुक्त शाळा’ रंगवलंय, आणि बाईंच्या गाडीत पुडी.

आता मुख्य प्रकरण. ज्यांना एएमटी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आत नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स असतो आणि नेहमीचीच क्लच प्लेट. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम ॲक्चुएटर करतो. माझ्या गाडीत तो तेलाच्या दाबावर चालतो आणि दाब तयार करायला एक छोटा विजेचा पंप आहे. ड्रायव्हरचं दार उघडलं की बॉनेटखालून ‘झुंई’ असा आवाज येतो तो त्याचाच. नवीन असताना मी दचकायचे, मग सवय झाली. दार उघडल्यावर एकदा, नंतर बरेच गिअर पडले की मधूनच एकदा, असा त्याचा नेम होता.

ऑगस्टच्या शेवटी हा नेम बिघडला. शाळा सुटल्यावर पावसात गाडीत बसून फोनवर बोलत होते. इग्निशन चालू, इंजिन बंद, गाडी जागेवर. झुंई. थोड्या वेळाने पुन्हा झुंई. मग पुन्हा. वर्ग संपताना घड्याळाकडे बघायची सवय असते आम्हाला, मी मोजलं: दर दहा-बारा सेकंदांनी. गिअरला हातही लावला नव्हता. मिस्त्रींना विचारायचं म्हणून मोबाइलवर ३८ सेकंदांचा व्हिडिओ काढला आणि व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यांचं उत्तर आलं, “येऊन जावा येळ काढून.” मी काही गेले नाही. गाडी चालत होती ना.

पंधरा दिवसांनी मेढ्याच्या अलीकडे गाडीने गिअर सोडला. डिस्प्लेवर ‘एन’ लुकलुकायला लागला, गिअरचा पिवळा दिवा लागला, आणि ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडतंय. मागे उसाचा ट्रॅक्टर नव्हता एवढं नशीब. दोन तासांनी गाडी उचलून न्यायला ट्रक आला आणि ती साताऱ्याला वर्कशॉपमध्ये गेली.

तिथे सल्लागार टॅबवर जॉब कार्ड, म्हणजे गाडीच्या तक्रारीची नोंद, भरत होता. मुलगा सभ्य, बोलणं गोड. “मॅडम, घाटात चालवता का?” मी म्हटलं, “साताऱ्यात राहून घाट चुकवायचा कसा? इकडे यवतेश्वर, तिकडे केळघर.” “चढावर ट्रॅफिक असलं तर गाडी ब्रेकवर थांबवता की ॲक्सिलरेटरवर धरून ठेवता?” आता सप्टेंबर म्हणजे कासच्या फुलांचा हंगाम. आदल्याच रविवारी पाहुण्यांना घेऊन गेलो होतो आणि यवतेश्वरच्या चढाला मुंगीच्या चालीने सरकत होतो. मी प्रामाणिकपणे म्हणाले, “कधीतरी धरली असेल.” त्याने काहीतरी टाइप केलं, टॅब पुढे केला, मी चष्मा न लावता बोटाने सही केली.

चार दिवसांनी मेल आला: क्लेम नामंजूर. क्लच झिजल्यामुळे ॲक्चुएटरवर ताण आला, ते परिणामी नुकसान आहे, शिवाय वाहन अयोग्य पद्धतीने चालवल्याचं ग्राहकाने मान्य केलंय. मी काय मान्य केलं म्हणून जॉब कार्ड उघडलं. तक्रारीच्या रकान्यात गाडीने गिअर सोडला, दिवा लागला, यातलं अक्षर नव्हतं. एकच वाक्य होतं: ग्राहक चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर धरतात, क्लच घासल्याचा संशय. गाडी अजून खोललेलीही नव्हती.

त्या मुलाने मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. दिवसाला पंधरा गाड्या घेणारा माणूस जे पहिलं सुचतं ते लिहून मोकळा होतो. पण वॉरंटी कंपनीचा माणूस साताऱ्यात येऊन गाडी बघत नाही, तो ते वाक्य बघतो. चढाला एएमटी ॲक्सिलरेटरवर धरली की क्लच जळतो हेही खरंच आहे, ती सवय मी तेव्हापासून सोडली. प्रश्न एवढाच होता की या बिघाडाचा त्याच्याशी संबंध काय.

तो मिस्त्रींनी उलगडून सांगितला. “बाई, क्लच घासला की जळका वास येतो. गाडी चढंना होती, इंजिन बोंबलतं पर गाडी पळत न्हाई. तुमचा पंप उभ्या गाडीत दर दहा सेकंदाला वाजतोय. म्हंजे तेलाचा दाब टिकंना झालाय. त्यात क्लचचा काय संबंध ओ?” मग व्हिडिओची आठवण झाली. त्यांच्या व्हॉट्सॲपवर तारखेसकट पडून होता, गाडी बंद पडायच्या दोन आठवडे आधीचा.

दुसऱ्या दिवशी शाळेत अर्धी रजा टाकून वर्कशॉपला गेले. स्कॅनर माझ्यासमोर लावायला सांगितला. सल्लागाराला ते फारसं रुचलं नाही, पण आतल्या एका वयस्क टेक्निशियनने व्हिडिओ कानाला लावून ऐकला, मान हलवली आणि स्वतः वायर जोडली. गिअरच्या हायड्रॉलिक दाबाची नोंद स्क्रीनवर होती. मी म्हटलं, हेच जॉब कार्डावर लिहा: उभ्या गाडीत पंप वारंवार चालतो, स्कॅनरवर दाब कमी दाखवतो. “मॅडम, आम्ही असं लिहीत नाही.” म्हटलं, “माझ्या चालवण्याबद्दल लिहिलंत ना, तसंच गाडीबद्दल लिहा.” लिहिलं. या वेळी चष्मा लावून सही केली आणि प्रत मागून घेतली.

मग मेल लिहिला. व्हिडिओ, स्कॅनरचं पान, नवं जॉब कार्ड, सगळी सर्व्हिस बिलं जोडली. कोणत्या कलमाखाली क्लेम नाकारला त्याचा क्रमांक लेखी मागितला. करारात वादाचं न्यायक्षेत्र परराज्यातलं एक शहर लिहिलेलं आहे, ते वाचून माणूस गार पडतो. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे मला साताऱ्यातच. आणि मोजलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर त्याला फीही नाही. हे दोन ओळींत, आवाज न चढवता लिहिलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबरही जवळ ठेवला होता, लावायची वेळ आली नाही. कामकाजाच्या तिसऱ्या दिवशी मंजुरी आली. मेलमधल्या कुठल्या ओळीने काम केलं ते मला कळलेलं नाही. माझा अंदाज व्हिडिओचा आहे, आमच्या यांचा अंदाज आयोगाचा.

ॲक्चुएटरचा पूर्ण संच ४१,३०० आणि मजुरी ३,२००, त्यांच्याकडून. तेल ९०० आणि स्कॅनिंगचे ७५०, माझ्याकडून. गिअरबॉक्स उतरवल्यावर क्लच प्लेट साधारण निम्मी उरलेली निघाली. सल्लागार म्हणाला, आत्ताच बदला, पुन्हा उतरवायची मजुरी वाचेल. मिस्त्री फोनवर म्हणाले, अजून वीस हजार किलोमीटर जाईल. मी ७,८५० देऊन बदलली. बरोबर केलं की चूक, अजूनही ठरवता आलेलं नाही. एक सांगते: एएमटीत क्लच किंवा ॲक्चुएटर बदलला की स्कॅनरवरून गाडीला नवा क्लच ‘शिकवावा’ लागतो. ते झालं का हे गाडी ताब्यात घेताना विचारा. माझी पहिले दोन दिवस पहिल्या-दुसऱ्या गिअरला झटके देत होती, परत नेऊन ते पुन्हा करून घेतलं, मग सुरळीत झाली.

या सगळ्याला १९ दिवस लागले, त्यातले नऊ पुण्याहून पार्ट येण्याचे. बदली गाडी मिळत नाही. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट असल्याने पैशाचं ओझं नव्हतं, पण सकाळची गाडी चुकली की शाळेत लेटमार्क. शेवटच्या आठवड्यात विद्यार्थीच विचारायला लागले, “बाई, गाडी विकली का?”

परत घेईन का? एएमटी असेल तर घेईन. एकाच पार्टला ४१ हजार पडतात तिथे १८,९०० चा हिशोब कळतो. साधी मॅन्युअल गाडी असती तर नसती घेतली, ते पैसे मिस्त्रींच्या नावाने बाजूला ठेवले असते. घेणाऱ्याने आणखी एक बघावं: वॉरंटीच्या कागदावर नाव कुणाचं आहे. आरसी माझ्या नावावर झाली तरी वॉरंटी जुन्या मालकाच्याच नावावर होती. आरटीओतले गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० भरले की सगळीकडे आपोआप नाव लागतं असं मी धरून चालले होते. विम्यालाही वेगळा अर्ज लागतो, तो चौदा दिवसांत, आणि वॉरंटीला वेगळा. एसीच्या क्लेमच्या आधी महिनाभर ते सहज लक्षात आलं म्हणून निभावलं.

चौथा क्लेम ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेच्या स्विचचा आहे. काच खाली जाते, वर येताना अडते. जॉब कार्डावरचं वाक्य या वेळी मीच सांगितलं आणि त्याने मुकाट्याने टाइप केलं. मंजुरी दुसऱ्या दिवशी आली. आज अकरावा दिवस, पार्ट पुण्याहून यायचाय. तोवर सकाळच्या थंडीत मेढ्याच्या रस्त्याला काच दोन बोटं उघडी ठेवून, कानाला मफलर गुंडाळून जातेय.