'पॉम्पेई'ची नवी ब्लू-रे, बरेच महिने वापरल्यावर: सगळं जमलंय, फक्त 'एकोज' अजून दोन तुकड्यांत

आधी तक्रार, मग बाकीचं. 'एकोज' ही ब्रिटिश रॉक बँड पिंक फ्लॉइडची एकसंध रचना आहे. 'मेडल' अल्बमवर ती साडेतेवीस मिनिटांची आहे आणि एलपीची एक अख्खी बाजू तिनंच व्यापलेली आहे. 'पिंक फ्लॉइड अ‍ॅट पॉम्पेई' या त्यांच्या मैफलीच्या चित्रपटात मात्र तिचा पहिला भाग सुरुवातीला आणि दुसरा थेट शेवटी येतो. बाकी सगळा चित्रपट मधल्या जागेत बसवलाय. १९७२ साली पडद्यावर आल्यापासून हे असंच चालत आलंय, ते कबूल. पण २०२५ मध्ये मूळ ३५ एमएम निगेटिव्ह हाती घेऊन, एकेक फ्रेम साफ करून, स्टीव्हन विल्सनकडून आवाजाचं नवं मिक्स करून घेऊन ही आवृत्ती काढली, तेव्हा अखंड 'एकोज' निदान जोडपत्र म्हणून तरी द्यायला हवा होता. सोबतच्या दोन सीडींच्या संचात 'अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स'चं न कापलेलं रूप दिलंय. म्हणजे तुकड्यांचा विचार झाला होता, तो 'एकोज'पर्यंत पोचला नाही.

चित्रपटाची ओळख इथे करून देत नाही. अ‍ॅड्रियन मेबेन हा दिग्दर्शक, ऑक्टोबर १९७१, प्रेक्षकांविना रिकामं रोमन अँफिथिएटर, हे सगळ्यांना ठाऊक आहे. इथे लिहितोय ते डिस्क पुन्हा पुन्हा लावल्यावर काय टिकलं आणि काय खटकत राहिलं, त्याबद्दल.

चित्राबद्दल पहिलं मत नाराजीचं होतं. स्कॅन ४के आणि घरी मिळाली साधी १०८० ओळींची ब्लू-रे. हिशेब सरळ आहे: ४केमध्ये सुमारे ८३ लाख बिंदू, ब्लू-रेमध्ये सुमारे २१ लाख. जाहिरातीत ४के लिहायचं आणि ४के डिस्क द्यायची नाही, याचा राग येणं साहजिक आहे. तो राग आता बराच ओसरलाय. ५५ इंची पडद्यापासून आठ-नऊ फुटांवर बसलं तर या डिस्कमधून जे दिसतं ते आधीच्या कुठल्याही घरगुती प्रतीत दिसत नव्हतं. दगडी पायऱ्यांवर उगवलेलं गवत दिसतं, बेसवादक वॉटर्सच्या हातातल्या झांजांची कड दिसते. कॅमेरा स्पीकरच्या भिंतीमागून सरकतो तेव्हा खोक्यांवर स्टेन्सिलनं रंगवलेलं 'पिंक फ्लॉइड लंडन' नीट वाचता येतं. प्रोजेक्टर आणि शंभर इंची पडदा असेल तर ४केची उणीव नक्की जाणवेल. बाकीच्यांनी त्या एका कारणासाठी खरेदी लांबवू नये.

मात्र टीव्ही जसा दुकानातून आला तशाच सेटिंगवर ही डिस्क पाहिली तर पैसे वाया गेले असं समजा. पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' ठेवा. मोशनफ्लो, ट्रूमोशन, ऑटो मोशन प्लस, कंपनीनुसार जे नाव असेल ते पूर्ण बंद करा. हा चित्रपट संथ सरकणाऱ्या ट्रॉली-शॉटवर उभा आहे. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः तयार करायला लागला की गिटारवादक गिल्मोरच्या बोटांभोवती पाणी थरथरल्यासारखी कड येते आणि सगळं व्हिडिओ कॅमेऱ्यानं टिपल्यासारखं वाटतं. नॉइज रिडक्शनही बंद. फिल्मचा कण हा दोष नाही. तो पुसायला गेलं की दगडाचा पोत आणि चेहऱ्याची कातडी दोन्ही मेणासारखी होतात. शार्पनेस शून्याजवळ आणा. प्लेयरमध्ये २४पी (सेकंदाला २४ फ्रेम) आउटपुट चालू करा. टीव्हीत 'जस्ट स्कॅन' किंवा '१:१' निवडा, नाहीतर चारही कडा थोड्या थोड्या कापल्या जातात.

आता आवाज, कारण खरी कमाई तिथे आहे. डिस्कवर स्टिरिओ, ५.१ (सहा वाहिन्यांचा सराउंड) आणि अ‍ॅटमॉस (डॉल्बीचा, आवाज डोक्यावरूनही आणणारा प्रकार) असे तिन्ही पर्याय आहेत. पहिले काही आठवडे अ‍ॅटमॉसच थोर वाटतं. 'सेट द कंट्रोल्स'मधला ऑर्गन खोलीभर पसरतो, 'सॉसरफुल'मधला गाँग वर उठतो. पण तुलना करताना एक चूक बहुतेक जण करतात. डॉल्बीच्या ट्रॅकमध्ये डायलनॉर्म नावाची सूचना असते. ती पाळून अँप्लिफायर त्या ट्रॅकची पातळी खाली आणू शकतो, साध्या पीसीएम स्टिरिओला ती सूचना नसते. म्हणजे आवाजाचं बटण तसंच ठेवून ट्रॅक बदलला तर एक मोठा आणि एक बारीक ऐकू येणार, आणि जो मोठा तो कानाला चांगलाच वाटणार. 'एकोज'च्या सुरुवातीचा कीबोर्डवादक राइटच्या पियानोचा तो एकच सूर, लेस्ली स्पीकरमधून काढलेला तो टिणकार, मोजायला उत्तम आहे. फोनवर डेसिबल मोजणारं अ‍ॅप घ्या, बसायच्या जागी फोन ठेवा, दोन्ही ट्रॅकवर तो सूर एका डेसिबलच्या आत जुळवा आणि मग ठरवा.

असं जुळवून ऐकल्यावर माझं मत फिरलं. रोज लावायला स्टिरिओच बरा. मेसनचे ड्रम आणि वॉटर्सचा बेस एकाच जागेवरून, एकमेकांना चिकटून येतात, आणि हे वादन त्या चिकटण्यावरच चालतं. अ‍ॅटमॉस 'सॉसरफुल' आणि 'केअरफुल विथ दॅट अ‍ॅक्स, युजीन' या दोघांसाठी राखून ठेवा. तिथे अवकाश हाच आशय आहे.

अ‍ॅटमॉस सुरूच होत नाही, ही अडचण ऑनलाइन मंचांवर सतत दिसते. कारणं ठरलेली आहेत. प्लेयरमध्ये 'सेकंडरी ऑडिओ' किंवा 'बीडी ऑडिओ मिक्स' चालू असेल तर ट्रूएचडी, म्हणजे डॉल्बीचा ज्यातून हा आवाज येतो तो ट्रॅक, मूळ रूपात बाहेर पडत नाही. ते बंद करून आउटपुट बिटस्ट्रीमवर (आवाज न उलगडता पुढे पाठवणारा पर्याय) ठेवा. प्लेयर टीव्हीला आणि टीव्हीतून साउंडबारला अशी जोडणी असेल तर दोन्हीकडे ईआर्क (टीव्हीतून आवाज बाहेर नेणाऱ्या एचडीएमआय सोयीचं सुधारित रूप) हवं. साध्या आर्कमधून ट्रूएचडी जात नाही, ऑप्टिकल वायरीतून तर नाहीच. प्लेयर थेट साउंडबारला किंवा रिसीव्हरला जोडणं सगळ्यात सोपं. आणि 'नाइट मोड', 'डायनॅमिक रेंज कंट्रोल' वगैरे जे काही असेल ते बंद करा. ते चालू असताना 'युजीन'मधली कुजबुज आणि किंकाळी जवळजवळ सारख्याच पातळीवर येतात. मग त्या रचनेत उरतं काय?

'वन ऑफ दीज डेज'बद्दल नव्या प्रेक्षकांचा नेहमीचा प्रश्न: कॅमेरा सगळा वेळ ड्रमरवरच का? बाकीच्या कॅमेऱ्यांची रिळं हरवली, हाती राहिलं ते बहुतेक मेसनचंच चित्रण. या हरवण्यानंच चित्रपटाला त्याचा सगळ्यात जिवंत तुकडा दिला असं मला वाटतं. मधेच त्याच्या हातातली स्टिक निसटते, तो दुसरी उचलतो आणि ठेका कुठेही मोडत नाही. नव्या प्रतीत ती निसटताना स्पष्ट दिसते. सबवूफरची पातळी जुळवायलाही हाच तुकडा घ्या. बेसवरच्या एकोमुळे येणारे दुहेरी ठोके वेगवेगळे ऐकू आले पाहिजेत. ते एकमेकांत मिसळून नुसती घरघर होत असेल तर सबवूफर कोपऱ्यातून फूट-दीड फूट बाहेर ओढा, मग क्रॉसओव्हर (ज्याखालचे सूर सबवूफर घेतो ती मर्यादा) ८० हर्ट्‌झवर ठेवून पुन्हा ऐका.

पॉम्पेईत प्रत्यक्ष चित्रित झाल्या त्या तीनच रचना: 'एकोज', 'वन ऑफ दीज डेज' आणि 'सॉसरफुल'. अँफिथिएटरमध्ये पुरेशी वीजच नव्हती, गावातून लांब केबल ओढून आणेपर्यंत हातातले दिवस निघून गेले. बाकीचं काम त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पॅरिसच्या स्टुडिओत झालं. कुठला शॉट कुठला हे ओळखायचं तर राइटचा चेहरा पाहा, पॉम्पेईत दाढी आहे, पॅरिसमध्ये नाही. जुन्या प्रतींत पॅरिसचे शॉट धुरकट अंधारात दडून जायचे. आता मागच्या पडद्यावरची दृश्यं आणि समोरचे वादक यांतला फरक डोळ्यात भरतो. स्वच्छ प्रतीची ही किंमत आहे आणि ती मोजायला हरकत नाही. 'मादमोझेल नॉब्ज', म्हणजे कुत्र्याच्या गाण्याबद्दल, वेगळं लिहिण्यासारखं काही नाही.

अ‍ॅबी रोड स्टुडिओतल्या भागांबद्दल मात्र लिहायला हवं. 'द डार्क साइड ऑफ द मून' या अल्बमचं काम चालू असतानाचे ते तुकडे १९७४च्या आवृत्तीत जोडले गेले. मैफलीचा चित्रपट हवा असणाऱ्यांना ते अडथळा वाटतात. सुरुवातीला मीही ते ओलांडून पुढे जात होतो. आता तसं करत नाही. 'ऑन द रन'साठी सिंथेसायझरवर वॉटर्स बटणं फिरवत आवाज शोधतो, ते एकदा नीट पाहा. पॉम्पेईत चार माणसं एकमेकांकडे बघत वाजवतात आणि इथे तीच माणसं काचेपलीकडच्या यंत्रांशी झटतात. बँड कुठून कुठे चाललाय हे त्या दोन दृश्यांत दिसतं. कँटीनमध्ये मेसन वरचं आवरण नसलेला 'पाय' हा भाजलेला गोड पदार्थ मागतो, तोही आता गाळवत नाही.

जुनी २००३ची डीव्हीडी असेल तर विकू नका. तिच्यावरचा 'डायरेक्टर्स कट' बहुतेक चाहत्यांना नकोसा आहे, तो रागही रास्त आहे. संगणकावर उभं केलेलं पॉम्पेई आणि अंतराळाची चित्रं वादनाच्या मधे घुसवलीत, आणि कॅमेरा ज्या शांतपणे थांबायचा ती शांतताच गेलीय. पण त्याच डीव्हीडीवर जोडपत्र म्हणून जुनं तासाभराचं रूप आहे आणि मेबेनची मुलाखतही आहे. संग्रहात ती हवीच.

काय घ्यावं? नवी डीव्हीडी घेऊ नका. तिच्यात अ‍ॅटमॉस नाही आणि चित्राची सगळी मेहनत ५७६ किंवा ४८० ओळींत दाबली जाते. पैसे बेतानं खर्चायचे असतील तर फक्त ब्लू-रे. एलपी सुंदर आहे, पण शांत जागा इतक्या आहेत की पृष्ठभागाची कुरकुर नको तिथे ऐकू येते. भारतात बाहेरून मागवत असाल तर पाकिटाच्या मागे रीजनची खूण बघून घ्या. आपला ब्लू-रे रीजन सी आहे, 'एबीसी' लिहिलेलं असेल तर निर्धास्त मागवा. मालाच्या किमतीवर कस्टम्स आणि पाठवणी वेगळी लागते, ती आधी विचारून घ्या.

आणि पुन्हा 'एकोज'. इतक्या वेळा पाहिल्यावर मेबेननं तो का तोडला हे कळतं. सुरुवातीला कॅमेरा लांबून, फार हळू, रिकाम्या रिंगणातल्या त्या चार ठिपक्यांकडे येतो आणि शेवटी तसाच मागे जातो. सगळा चित्रपट त्या रचनेच्या पोटात ठेवलाय. पडद्यासाठी हे बरोबर आहे, इतकं मी आता मान्य करतो. कानासाठी नाही. मधल्या जोरकस भागात चौघं तापलेले असताना गाणं थांबतं, आणि वाऱ्याचा, किंचाळण्याचा तो भाग तासाभरानं येतो तेव्हा ऐकणारा थंड झालेला असतो. त्या भागाची भीती आधीच्या तापलेपणातून येते, ती इथे हरवते.

अखंड 'एकोज' मिळेपर्यंत एक उपाय. सीडीवर 'एकोज'चे भाग १ आणि २ वेगळ्या ट्रॅकवर आहेत. दोन्ही फ्लॅक (दर्जा न घटवणाऱ्या) फाइलमध्ये उतरवून घ्या, ज्या प्लेयरमध्ये क्रॉसफेड (एक ट्रॅक विरताना दुसरा सुरू करणारी सोय) आहे त्यात लागोपाठ लावा आणि क्रॉसफेड तीन-चार सेकंदांचा ठेवा. आवाज आपोआप समान करणारी सोय असेल तर ती 'ट्रॅक'वरून 'अल्बम'वर आणा, नाहीतर दुसऱ्या भागाची शांत सुरुवात उगाच वर उचलली जाते. जोड थोडा जाणवतोच. तरी वारा सुटतो तेव्हा आधीचा ठेका कानात शिल्लक असतो.