हाडाचा चोकर: आठ महिने वापरल्यानंतर

फेब्रुवारीत घेतलेला हा चोकर ऑक्टोबर लागला तरी आठवड्यातले चार-पाच दिवस माझ्या गळ्यात असतो, म्हणून आता लिहायला हरकत नाही. खऱ्या हाडाचे एकवीस लांबट मणी, मधोमध अंगठ्याच्या पेराएवढी कोरलेली कवटी, सगळं काळ्या चामड्याच्या दोरीत ओवलेलं. सोबत तशीच कानातली. दोन्ही मिळून १,८५० रुपये पडले. काम उत्तर प्रदेशातल्या संभलचं. तिथे म्हशीच्या हाडाची आणि शिंगाची कारागिरी चालते.

घेण्याआधी विक्रेत्याला एकच विचारलं होतं, हाड कुठल्या जनावराचं? 'म्हशीचं' असं सरळ उत्तर आलं आणि बिलावरही तसं लिहून दिलं. त्याआधी दुसरीकडे एक पेंडंट घेताना हेच विचारल्यावर 'नॅचरल बोन आहे मॅडम' यापलीकडे काही ऐकायला मिळालं नव्हतं. ते पेंडंट घरी आल्यावर तापवलेली सुई भोकाच्या आत टेकवली तर वितळलं आणि प्लास्टिकचा वास सुटला. रेझिन होतं. खरं हाड वितळत नाही, त्याला जळक्या केसांसारखा वास येतो. सुई लावायची नसेल तर भिंगातून बघा. माझ्या मण्यांवर बारीक तपकिरी ठिपके आणि तुटक रेघा दिसतात. जिवंत हाडात रक्तवाहिन्या जातात त्या नळ्यांच्या या खुणा. पहिल्यांदा दिसल्या तेव्हा मी बराच वेळ तो मणी हातात धरून बसले होते. काळे कपडे, कवट्या हे सगळं मला कॉलेजपासून आवडतं, पण हे एका जनावराचं आहे ही जाणीव त्या दिवशी पहिल्यांदा नीट झाली.

म्हणूनच जनावराचं नाव विचारा, असं कळकळीने सांगते. वन्यप्राण्यांची हाडं, दात, नखं, शिंगं यांची खरेदी-विक्री १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. सांबर-चितळाचं शिंग जंगलात आपोआप गळून पडलेलं असलं तरी सूट नाही. आपल्याकडे हौसेने घालतात ते वाघनखाचं लॉकेट खरं असेल तर तेही यातच आलं. घरच्यांचा पहिला प्रश्न मात्र वेगळाच असतो. आईने डबी उघडल्या उघडल्या विचारलं, "गाईचं नाही ना गं?" नाही म्हटल्यावर तिने तो हातात घेतला, पण देवघरात घालून जायचं नाही ही अट घातली. ती मी पाळते.

उन्हाळा बरा गेला, एप्रिलच्या उकाड्यातही मणी गळ्याला गार लागतात. त्रास झाला तो स्कूटीवर. हेल्मेटचा पट्टा नेमका कवटीवर येतो आणि ती हाडाला हाड घासल्यासारखी टोचते. नाशिकमध्ये इंदिरानगरहून सातपूरला रोज जाताना मी तो पर्समध्ये ठेवते आणि ऑफिसात पोचल्यावर घालते.

मे महिन्यात चुलतबहिणीच्या हळदीला मी तो काढायला विसरले. मावशीने गळ्यालाही हळद चोपडली आणि सहा मणी पिवळेधमक झाले. हाड सच्छिद्र, रंग आत ओढून घेतं. साबणाने काहीच फरक पडेना. मग आठवलं, हळदीचे डाग पडलेला कपडा आई उन्हात टाकते. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. रोज सकाळी आठ ते नऊ असं दहा दिवस कोवळ्या उन्हात ठेवल्यावर पिवळेपणा जवळजवळ गेला. दुपारच्या उन्हात ठेवू नका, हाड तडकतं.

पावसाळ्यात खरा कस लागला. एकदा गंगापूर रोडला चिंब भिजले आणि काळ्या कुर्त्याचा रंग मागच्या मण्यांवर उतरला. मेडिकलमधून ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणलं, मणी सुटे करून दोन तास बुडवले. राखाडी डाग फिके झाले, पूर्ण गेले नाहीत. ब्लीच वापरू नका. हाडात खनिजाला धरून ठेवणारं कोलॅजेन असतं, ब्लीच तेच खातं आणि हाड खडूसारखं भुसभुशीत होतं. लिंबू-व्हिनेगरही नको, आम्लात खनिज विरघळतं. चामड्याच्या दोरीवर तर जुलैत पांढरी बुरशीच धरली आणि ऑगस्टमध्ये ती हुकाजवळ तुटली. १,८५० रुपये मोजल्यावर दोरी एक पावसाळाही काढू नये, ही माझी मोठी तक्रार.

सराफ बाजारात एका पटवेकरी, म्हणजे दागिने ओवून देणाऱ्या काकांकडे नेला. त्यांनी मणी उजेडात फिरवून विचारलं, "हस्तिदंत आहे का? मग मी हात लावणार नाही." म्हशीचं हाड आहे म्हटल्यावर बिल बघायला मागितलं. बिल मोबाइलमध्ये होतं म्हणून बरं. मग त्यांनी काळ्या रेशमाच्या दोऱ्यात, प्रत्येक मण्यामागे गाठ मारून ओवून दिला. गाठीमुळे मणी एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटला तरी सगळे रस्त्यावर सांडत नाहीत. दोनशे रुपये घेतले. "ताई, परत चामड्यात ओवू नका," एवढंच म्हणाले.

सप्टेंबरमध्ये मामा गेले. दहाव्याला रामकुंडावर निघताना गळ्याकडे हात गेला आणि चोकर काढून ठेवला. कोणी काही म्हणालं नसतं कदाचित. पण जिथे माणसं आपल्या माणसाच्या अस्थी घेऊन येतात, तिथे हाडाचा दागिना घालून उभं राहणं मला जमणार नव्हतं. पायऱ्यांवरून वर पाहिलं तर समोर कपालेश्वर, शंकराचं देऊळ. ब्रह्मदेवाचं कपाल शंकराच्या हाताला चिकटलं आणि इथल्या स्नानाने सुटलं, ही कथा मामांनीच मला लहानपणी तिथे बसून सांगितली होती. या देवळात शंकरासमोर नंदी का नाही, तेही. कवटीची मला भीती कधीच का वाटली नाही, याचं उत्तर बहुधा त्या पायऱ्यांवरच आहे. तेरावा झाल्यावर परत घालायला लागले.

कानातल्यांबद्दल चांगलं लिहिता येत नाही. डाव्या कानातल्यात पहिल्यापासून तेलकट, अर्धपारदर्शक पिवळा पट्टा होता. उन्हाळ्यात त्यातून चरबी पाझरायची आणि ओले केस लागले की कुबट वास यायचा. म्हणजे हाड नीट साफ न करताच कोरलेलं. उकळण्याचा मोह आवरला, उकळल्याने चरबी आणखी आत जाते. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाकून, दर तीन-चार दिवसांनी पाणी बदलत महिनाभर ठेवलं तेव्हा वास गेला. पट्टा अजून आहे. विक्रेत्याला फोटो पाठवले, 'नैसर्गिक वस्तू आहे, फरक असतो' असं उत्तर आलं, बदलून दिलं नाही.

चोकर परत घेईन. घेताना नुसते मणी आणि कवटी मागेन, दोरी नको म्हणून सांगेन, आणि थेट काकांकडे नेईन. कवटीच्या गालाची हाडं रोज बोट फिरवून गुळगुळीत झाली आहेत, रंग पांढऱ्याचा सायीसारखा होत चाललाय. तो मी पेरॉक्साइडने घालवणार नाही.