बारावीनंतर टेनिस: थेट सर्किट की अमेरिकेतलं कॉलेज?

मुलगी सतरा-अठराची, राज्यात पहिल्या चार-पाचांत, ज्युनियरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळून आलेली. बारावीचा निकाल लागला की अशा घरात एकच विषय असतो: आता पूर्णवेळ सर्किट, म्हणजे देशोदेशी चालणाऱ्या व्यावसायिक स्पर्धा, खेळायचं, की टेनिसच्या स्कॉलरशिपवर अमेरिकेत शिकायला जायचं? मी पहिला रस्ता धरला होता. चार वर्षं खेळले, एकेरीच्या जागतिक क्रमवारीत सातशेच्या घरात पोचले आणि थांबले. माझी दुहेरीतली जोडीदार त्याच वर्षी अमेरिकेला गेली. आता पुण्यात मुलींना शिकवते, आणि दर मे महिन्यात कुणाचे तरी आईवडील हा प्रश्न घेऊन कोर्टाच्या कठड्यावर येऊन बसतात.

आधी पैशांचं बोलते. मुलींच्या व्यावसायिक स्पर्धांची सगळ्यात खालची पायरी म्हणजे डब्ल्यू १५. स्पर्धेचं एकूण बक्षीस १५,००० डॉलर. त्यातले एकेरी जिंकणारीला २,३५२ डॉलर, पहिल्या फेरीत हरणारीला १४७, आणि त्यातूनही कर कापला जातो. १४७ डॉलर म्हणजे तेरा हजारांच्या आसपास रुपये. ट्युनिशियातल्या मोनास्तिरला किंवा तुर्कस्तानातल्या अंताल्याला, जिथे आठवड्यामागून आठवडे या स्पर्धा चालतात, तिथलं विमानाचं तिकीट सोडाच, हॉटेलच्या तीन रात्रीही त्यात निघत नाहीत. वर्षाचे पंचवीस आठवडे धरा. परदेशात प्रवास, राहणं, जेवण, गटिंग (रॅकेटच्या तारा, म्हणजे गट, बसवून घेणं) मिळून आठवड्याला लाखभर रुपये धरले तरी कोच सोबत न नेता पंचवीस लाख होतात. पुणे, सोलापूर, नवी मुंबई अशा जवळच्या स्पर्धा मिळाल्या तर आकडा बराच खाली येतो, पण फक्त त्यांच्यावर वर्ष निघत नाही.

गुणांचा हिशोब याहून कठीण आहे आणि तो पालकांना कुणी समजावून सांगत नाही. एकेरीच्या जागतिक क्रमवारीत तुमच्या सर्वोत्तम १८ स्पर्धा धरतात. डब्ल्यू १५ जिंकली की १५ गुण. समजा एखादीने अठराच्या अठरा जिंकल्या, तरी होतात २७०. ग्रँड स्लॅमच्या पात्रता फेरीत नाव लागायला साधारण तीनशे गुण लागतात. म्हणजे खालच्या पायरीवर कितीही घाम गाळा, ते दार उघडत नाही. डब्ल्यू ३५, ५०, ७५ अशा वरच्या स्पर्धांत जिंकावंच लागतं, आणि बावन्न आठवडे उलटले की मिळवलेले गुण गळून जातात. त्या दारापलीकडे मात्र सगळंच वेगळं. २०२५च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पात्रतेच्या पहिल्याच फेरीत हरणारीला ३५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले, मुख्य स्पर्धेच्या पहिल्या फेरीत हरणारीला १,३२,०००. दोनशेविसावी आणि तीनशे पन्नासावी यांच्या खेळात फरक थोडा असतो. वर्षाच्या कमाईत तो किती पडतो, हे या आकड्यांवरून कळेल.

मोनास्तिरची एक मॅच सांगते. तिसरा सेट, ४-४. माझ्या चांगल्या रॅकेटचं गट तुटलं. दुसरी रॅकेट बॅगेत होती, पण गटिंगचे पैसे वाचवायला तिचं गट मी तीन आठवडे बदललं नव्हतं. ढिली पडलेली ती रॅकेट घेऊन खेळले आणि चार फोरहँड बेसलाइनच्या बाहेर मारले. मॅच गेली. संध्याकाळी हॉटेलच्या बेसिनमध्ये कपडे धूत असताना आईचा फोन आला, ‘जेवलीस का?’ तिने मॅचचं काही विचारलं नाही. लाइव्ह स्कोअर तिने बघितलेला होता. या पातळीवर मुली अनेकदा अशा गोष्टींवर हरतात. मागे कुणी माणूस नसतो, फिजिओ नसतो, सरावाला जोडीदार रोज शोधावा लागतो.

त्याच सुमारास जोडीदाराने तिच्या कॉलेजच्या लॉकररूमचा फोटो पाठवला होता. सहा रॅकेटी, सगळ्यांना ताजं गट. अमेरिकेत १९७२च्या टायटल नाइन कायद्यामुळे सगळे खेळ मिळून मुलींना मुलांच्या बरोबरीने संधी द्यावी लागते, म्हणून टेनिसमध्ये मुलींना मुलांपेक्षा जास्त स्कॉलरशिप मिळत आल्या. वरच्या विभागात, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, एका संघाला मुलींसाठी आठ पूर्ण स्कॉलरशिप होत्या, मुलांसाठी साडेचार. २०२५पासून नियम बदललेत आणि बऱ्याच विद्यापीठांत संघ दहा जणींचा झालाय. पूर्ण स्कॉलरशिप म्हणजे फी, राहणं, जेवण, पुस्तकं. त्याखेरीज कोच, जिम, फिजिओ, प्रवास संघाचा. जानेवारी ते मे संघाचे सामने, एका लढतीत सहा एकेरी आणि तीन दुहेरी. उन्हाळ्यात सर्किटवर खेळायला मोकळीक.

कॉलेजला गेलं की टेनिस संपलं, असं आपल्याकडे अजूनही म्हणतात. हे मला मान्य नाही. डॅनिएल कॉलिन्स व्हर्जिनिया विद्यापीठातून खेळली आणि २०२२मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनची अंतिम फेरी गाठली. ती अमेरिकन, तिच्यासाठी स्पर्धा घराजवळ, हे खरं. मग आपली ऋतुजा भोसले घ्या. श्रीरामपूरची मुलगी, टेक्सास ए अँड एमला शिकली, खेळली, परत येऊन सर्किटवर उतरली आणि २०२३मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकली. सहजा यमलपल्लीही सॅम ह्यूस्टन स्टेटची. २०२४च्या मुंबई ओपनमध्ये तिने अग्रमानांकित कायला डेला हरवलं.

दुसऱ्या बाजूला अंकिता रैना. अहमदाबादहून किशोरवयातच पुण्यात आली, हेमंत बेंद्रेसरांकडे घडली, कॉलेजच्या वाटेला न जाता सर्किट खेळत राहिली. २०१८च्या आशियाई स्पर्धेत एकेरीचं कांस्य, २०२०मध्ये कारकिर्दीतलं सर्वोत्तम १६०वं स्थान, २०२१मध्ये दुहेरीचं डब्ल्यूटीए (महिला टेनिसची सर्वोच्च व्यावसायिक मालिका) विजेतेपद आणि टोकियो ऑलिंपिक. एवढं करूनही एकेरीत ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत तिला खेळता आलं नाही. तिच्याइतकी चिवट मुलगी मी पाहिलेली नाही. म्हणूनच पालकांना हे उदाहरण देते: थेट सर्किटचा रस्ता निवडायचा तर एवढी चिकाटी लागते, आणि मागे नोकरी किंवा प्रायोजक उभा असावा लागतो. तिला ओएनजीसीची नोकरी होती.

कॉलेजच्या रस्त्यालाही खाचखळगे आहेत. ‘स्कॉलरशिप मिळाली’ या शब्दांवर जाऊ नका. किती टक्के, किती वर्षांची, दुखापत झाली तर चालू राहते का, हे लेखी विचारा. नववीपासूनचे गुण तपासले जातात. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावी करणाऱ्या कितीतरी मुली इथे अडकतात, कारण नववी-अकरावीचे कागदच नीट नसतात. तिथल्या कोचचा पहिला प्रश्न युटीआर (निकालांवरून ठरणारा खेळाच्या पातळीचा आकडा) किती, हाच असतो. बारावीनंतर वर्षभर स्पर्धा खेळत राहिलात तर कॉलेजमधलं खेळण्याचं एक वर्ष कापलं जाऊ शकतं, त्यामुळे ‘एक वर्ष सर्किट बघू, मग कॉलेज’ हा बेत आधी एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांची संघटना) नियमांशी ताडून बघा. बक्षिसाच्या रकमेचे नियमही कोर्टकचेऱ्यांमुळे बदलत आलेत. शिवाय संघात सातव्या-आठव्या क्रमांकावर बसून राहिलात तर चार वर्षांत खेळ पुढे जाणार नाही. मोठ्या नावाच्या विद्यापीठात बाकावर बसण्यापेक्षा लहान विद्यापीठात दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर खेळणं केव्हाही बरं.

मग कुणी काय करावं? अठरा पूर्ण होताना रँकिंग पाचशेच्या आत असेल आणि तीन वर्षांचा खर्च घर गहाण न टाकता उभा राहणार असेल, तर सर्किट. मी स्वतः अडवणार नाही. यातली एक गोष्ट असून दुसरी नसेल, तर कॉलेज. दोन्ही नसतील तर तिसरा रस्ताही आहे: इथल्याच कॉलेजात नाव, आणि देशातल्या स्पर्धा. पुण्याच्या वैष्णवी आडकरने २०२५च्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत एकेरीचं कांस्य मिळवलं, त्यामुळे तो रस्ता कमी समजू नका. दुहेरीत हात चांगला असेल तर कॉलेजचं पारडं आणखी जड होतं, कारण तिथे दुहेरी रोज खेळली जाते. बार्शीची प्रार्थना ठोंबरे दुहेरीच्या जोरावरच २०१६ला रिओ ऑलिंपिकला पोचली.

सध्या माझ्याकडे येणारी एक मुलगी नेमकी काठावर आहे. रँकिंग नाही, सर्व्ह उत्तम, वडिलांनी निवृत्तीच्या पैशांतले काही बाजूला काढलेत. त्या पैशांना आत्ता हात लावू नका, असं मी त्यांना सांगितलंय. तिला दोन कामं दिली आहेत: शाळेत जाऊन नववीचं गुणपत्रक आणायचं, आणि पुढच्या दोन स्पर्धांतल्या मॅच न कापता पूर्ण रेकॉर्ड करून अमेरिकेतल्या कोचना पाठवायच्या, हरलेली असली तरी. गुणपत्रक मिळालंय. पहिली मॅच मंगळवारी आहे, ट्रायपॉड माझा घेऊन जाणार आहे.