‘व्हर्श’: डोमेनला काय दिले आहे, ते नेमके दाखवणारे साधन

लिनक्स सर्व्हरवर केव्हीएम या कर्नलमधील सुविधेच्या आधारे व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक) चालवणाऱ्यांना, अशी मशीन सांभाळणाऱ्या लिबव्हर्ट या सॉफ्टवेअरसोबत ‘व्हर्श’ हे कमांड लाइनचे साधन विनामूल्य मिळते. मशीन उभे करण्यापासून काढून टाकण्यापर्यंतची कामे ते करतेच. पण माझ्या मते त्याचे खरे मोल कोणत्या डोमेनच्या, म्हणजे लिबव्हर्टच्या भाषेत व्हर्च्युअल मशीनच्या, वाट्याला काय आले आहे, हे दाखवण्यात आहे.

‘लिस्ट’ या कमांडला ‘ऑल’ हा पर्याय जोडला की बंद मशीनही यादीत येतात. ‘डॉमइन्फो’मध्ये स्थिती, सीपीयूंची संख्या, कमाल व वापरातील मेमरी आणि ऑटोस्टार्ट (सर्व्हरसोबत मशीन आपोआप सुरू होते का) एकत्र दिसते. मेमरी मात्र केआयबीमध्येच (1024 बाइटचे एकक) छापली जाते, त्यामुळे 4 जीआयबीच्या मशीनपुढे 4194304 असा आकडा वाचावा लागतो. डिस्कची माहिती देणाऱ्या ‘डॉमबीएलकेइन्फो’ला सुटसुटीत आकड्यांसाठी ‘ह्यूमन’ हा पर्याय असताना येथे तो नसावा, ही उणीव मला खटकते.

या साधनाची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे चालू स्थिती आणि जतन केलेली रचना यांतला फरक ते लपवत नाही. चालू मशीनवर ‘डंपएक्सएमएल’ दिल्यास या क्षणी लागू असलेली रचना मिळते आणि त्यालाच ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ जोडल्यास पुढच्या वेळी लागू होणारी. मशीनला दिलेल्या सीपीयूंची संख्या सांगणारी ‘व्हीसीपीयूकाउंट’ कमांड हीच गोष्ट चार ओळींत मांडते: ‘करंट कॉन्फिग’समोर (जतन केलेली रचना) 4 आणि ‘करंट लाइव्ह’समोर (चालू स्थिती) 2 असेल, तर कोणीतरी सीपीयू वाढवले आहेत, पण ते चालू मशीनपर्यंत पोहोचलेले नाहीत, हे लगेच कळते. अशा वेळी गेस्टच्या, म्हणजे मशीनमधील ऑपरेटिंग सिस्टिमच्या, आतून रीबूट करून भागत नाही. मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे लागते. मशीन मंद चालते अशी तक्रार आली की मी सर्वांत आधी याच चार ओळी पाहतो.

नवख्यांची फसगत बहुधा लिबव्हर्टशी होणाऱ्या जोडणीत होते. साध्या वापरकर्त्याने ‘लिस्ट’ चालवल्यास संपूर्ण सर्व्हरच्या ‘सिस्टिम’ऐवजी त्या वापरकर्त्यापुरत्या ‘सेशन’शी जोडणी होऊन यादी रिकामी येऊ शकते, आणि मशीन गायब झाल्याचा समज होतो; त्यामुळे ‘कनेक्ट’ पर्यायाने पत्ता स्पष्ट देणे चांगले. ज्यांना फक्त माहिती पाहायची आहे, त्यांनी ‘रीडओन्ली’ पर्यायानेच जोडणी करावी, असा माझा आग्रह आहे, कारण त्या जोडणीवरून चुकूनही मशीन बंद होत नाही.