स्टिकी नोट्स: गोंद नापास, चिठ्ठी पास

पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढे येईलच, पण त्यात वस्तूचा दोष थोडा आणि माझ्या भिंतीचा जास्त.

हा पिवळा गठ्ठा मी यशस्वी होण्यासाठी घेतला, लपवत नाही. यशावर बोलणाऱ्या एका गृहस्थांचं व्याख्यान ऐकलं होतं. ध्येयं चिठ्ठीवर लिहा आणि रोज नजरेस पडतील अशी लावा, असं त्यांचं म्हणणं. ७६ बाय ७६ मिलिमीटरचे चौकोन, शंभर पानं. शंभर ध्येयं माझ्याकडे नव्हती, पण सुटी पानं कोण देणार? पहिल्याच संध्याकाळी अकरा चिठ्ठ्या भिंतीवर गेल्या. 'कादंबरी पूर्ण करणे' एकीत मावलं. पुरस्कार मिळाल्यावर करायच्या भाषणाला चार लागल्या.

तिसऱ्या दिवशी केर काढताना बायकोने विचारलं, "अहो, तुमचा पुरस्कार कपाटाखाली सापडलाय. ठेवू की टाकू?"

मी चिडून या गोंदाची चौकशी सुरू केली आणि कळलं की हा जन्मतःच नापास आहे. १९६८ साली थ्री-एम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर नावाचे रसायनशास्त्रज्ञ जबरदस्त मजबूत गोंद बनवायच्या खटपटीत होते. तयार झाला तो नेमका उलट्या स्वभावाचा: चिकटतो, पण ओढलं की मुकाट्याने सुटतो. त्यात अतिसूक्ष्म गोळे असतात आणि ते पृष्ठभागाला सगळ्या अंगाने न टेकता जेमतेम स्पर्श करतात. म्हणून कागद न फाटता निघतो आणि पुन्हा लागतो. याचा उपयोग काय, हे कोणालाच सांगता येईना. सिल्व्हर मात्र वर्षानुवर्षं कंपनीतल्या लोकांना गोळा करून या गोंदाचं कौतुक ऐकवत राहिले. गोंदात नव्हती ती सगळी चिकाटी माणसात होती.

त्यांचं ऐकलेल्यांपैकी एक आर्ट फ्राय. ते चर्चमध्ये समूहात गायचे आणि भजनांच्या पुस्तकात खुणेला ठेवलेले कपटे ऐन वेळी गळून पडायचे. १९७४ मध्ये त्यांना तो नापास गोंद आठवला. पिवळा रंगसुद्धा कोणी विचारपूर्वक निवडलेला नाही. शेजारच्या प्रयोगशाळेत पिवळे कागद पडून होते, ते वापरले, असं सांगतात.

मला सगळ्यात आवडलेला भाग यानंतरचा. १९७७ मध्ये वेगळ्या नावाने हा माल चार शहरांत विकून पाहिला आणि तो साफ पडला. नापास गोंदाची चिठ्ठी बाजारातही नापास! पुढच्या वर्षी बॉइसी शहरात गठ्ठे फुकट वाटले, तेव्हा लोकांना चटक लागली आणि दहातले नऊ जण विकत घ्यायला तयार झाले. १९८० मध्ये 'पोस्ट-इट' अमेरिकाभर आलं. म्हणजे गोंदापासून बाजारापर्यंत बारा वर्षं. माझी कादंबरी चौदाव्या वर्षात आहे, तेव्हा एका बाबतीत तरी मी थ्री-एमच्या पुढे आहे.

प्रसिद्धीचं म्हणाल तर २०१० मध्ये सिल्व्हर आणि फ्राय या दोघांची नावं अमेरिकेतल्या संशोधकांच्या राष्ट्रीय सन्मानयादीत गेली. मी ऑफिसात सहा जणांना विचारलं, ही चिठ्ठी कोणी शोधली? सहाही जणांच्या टेबलावर गठ्ठा होता. पाच जणांनी खांदे उडवले. सहाव्याने ठामपणे सांगितलं, "एडिसन."

आता वापराबद्दल. चिठ्ठी खालून वर ओढून काढू नका. तशी काढली की ती गुंडाळते आणि भिंतीवर लावल्यावर मान वर करून बसते. बाजूने, म्हणजे गोंदाच्या पट्टीला समांतर ओढा, सपाट निघते. हे मला साठ पानं वाया गेल्यावर कळलं. आरशावर आणि फ्रिजच्या दारावर उत्तम टिकते. धुळकट किंवा रंगाचा भुगा सुटणाऱ्या भिंतीवर दोन दिवस टिकली तरी उपकार माना, कारण भिंतीऐवजी धूळच गोंदाला चिकटते. माझी भिंत त्या जातीची. तारा तिथेच गेला. एकच चिठ्ठी पाच-सहा जागी फिरवली की तीही थकते, मग पानं वाचवण्यात अर्थ नाही.

अकरा चिठ्ठ्यांपैकी आज एक शिल्लक आहे. भाषणाच्या चारही गेल्या. त्यातली 'सर्वप्रथम मी आभार मानतो' ही मुलाच्या गणिताच्या वहीत खूण म्हणून आहे आणि तिथे चांगलं काम देतेय. कादंबरीची कुठे गेली पत्ता नाही. आठ महिने आरशावर घट्ट बसलेली चिठ्ठी घाईत लिहिली होती: 'शेजाऱ्यांची छत्री परत करणे'.

छत्री अजून आमच्याकडेच आहे.