ओयेझ : लग्नाच्या हक्कावरचे युक्तिवाद, मूळ आवाजात

कोर्टात लघुलेखक म्हणून माझी 31 वर्षं गेली. वकील बोलायचे, मी रेघा मारायचे, संध्याकाळपर्यंत टंकलिखित प्रत तयार व्हायची. त्या प्रतीत सगळे शब्द असायचे, माणूस मात्र नसायचा. कुठे वकिलाचा आवाज खाली गेला, कुठल्या प्रश्नानंतर दोन क्षण कुणीच बोललं नाही, हे लिपीत उतरत नाही. म्हणून मुलाने 'ओयेझ' या संकेतस्थळाचा दुवा पाठवला, तेव्हा आधी मी कामाच्या सवयीने ऐकायला बसले. नंतर वेगळ्याच कारणासाठी ऐकत राहिले.

ते कारण आधीच सांगते. दोन वर्षांपूर्वी मुलाने घरात सांगितलं की त्याचा जोडीदार पुरुष आहे आणि त्या दोघांना लग्न करायचं आहे. माझी थोरली बहीण माझ्यापेक्षा पुष्कळ शिकलेली, पुष्कळ वाचलेली. ती म्हणाली, "हे धर्मात बसत नाही." मी विचारलं, "कुठल्या ग्रंथात, कुठे लिहिलंय?" ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "बरं, धर्माचं सोड. पण मुलंबाळं? समाज? त्यांचं कसं होणार?" त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. ताईने बोलता बोलता मुद्दा बदलला होता, पण तो नेमका कुठे बदलला हे मला पकडता आलं नव्हतं. ते पकडायला या ध्वनिफितींनी शिकवलं.

ओयेझ म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या तोंडी युक्तिवादांचा संग्रह. त्या न्यायालयात 1955 पासून युक्तिवाद ध्वनिमुद्रित होत आले आहेत आणि ते इथे कुणालाही फुकट ऐकता येतात. ओयेझ हा जुना शब्द, अर्थ 'ऐका'. न्यायमूर्ती आसनावर येताना तो तीनदा पुकारला जातो आणि त्या पुकाऱ्याचा शेवट 'देव अमेरिकेचं आणि या सन्माननीय न्यायालयाचं रक्षण करो' असा होतो. रोजच्या कामाची सुरुवातच देवाचं नाव घेऊन करणाऱ्या या दालनात, देवाच्या नावावर माणसांची लग्नं अडवता येतात का, हा प्रश्न पुन्हा पुन्हा आला. मी दोन खटले सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकले, एक 1967 चा आणि एक 2015 चा.

मला सगळ्यात सोयीची वाटलेली गोष्ट म्हणजे आवाजाबरोबर सरकणारी संहिता. जे वाक्य बोललं जातंय ते पडद्यावर उजळतं, बोलणाऱ्याचं नाव शेजारी दिसतं. वाक्यावर बोट ठेवलं की आवाज तिथे जातो. इंग्रजी बोलण्याचा वेग ज्यांना जड जातो त्यांना याचा फार आधार आहे. 1967 चं ध्वनिमुद्रण जुनं आहे, दक्षिणेकडचे उच्चार कानाला अनोळखी आहेत, त्यामुळे मी ते हेडफोन लावून, थांबत थांबत, चार संध्याकाळी ऐकलं.

खटला 'लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया'. रिचर्ड लव्हिंग गोरा, मिल्ड्रेड कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी वंशाची. जून 1958 मध्ये त्यांनी राजधानी वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं, कारण त्यांच्या व्हर्जिनिया राज्यात असं लग्न हा गुन्हा होता. काही आठवड्यांनी शेरीफ, म्हणजे तिथला पोलीस अधिकारी, रात्री थेट त्यांच्या झोपायच्या खोलीत शिरला. जानेवारी 1959 मध्ये एक वर्षाची कैद झाली. पंचवीस वर्षं दोघांनी मिळून राज्यात पाऊल ठेवायचं नाही, या अटीवर ती तहकूब केली गेली. शिक्षा रद्द करण्याचा अर्ज 1965 मध्ये फेटाळताना न्यायाधीश लिऑन बझील यांनी लिहिलं की सर्वशक्तिमान देवाने गोरे, काळे, पिवळे, मलाय आणि तांबडे असे वंश घडवून त्यांना वेगवेगळ्या खंडांवर ठेवलं, आणि ज्या अर्थी त्याने त्यांना वेगळं ठेवलं त्या अर्थी ते मिसळावेत अशी त्याची इच्छा नव्हती.

मी अशा किती निकालांच्या प्रती काढल्या असतील, पण न्यायाधीशाने देवाच्या मनातलं इतक्या खात्रीने लिहिलेलं कधी टंकलिखित केलं नव्हतं. आता हा देव सर्वोच्च न्यायालयात कसा मांडला जातो, तेच ऐकायला मी बसले होते. 10 एप्रिल 1967 चं ध्वनिमुद्रण. व्हर्जिनियाच्या बाजूने आर. डी. मॅकिलवेन उभे राहतात. सभ्य, संथ आवाज, कुठेही द्वेष नाही. आणि ते आपला युक्तिवाद देवावर उभाच करत नाहीत. ते म्हणतात, ही बंदी बहुपत्नीत्वावरच्या बंदीसारखी आहे, लग्नाच्या किमान वयाच्या अटीसारखी आहे. मग समाजशास्त्राकडे वळतात. अशा लग्नांवर ताण जास्त येतो, त्याची झळ मुलांना बसते. आधाराला एका रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू असलेल्या अभ्यासकाचं आंतरविवाहांवरचं पुस्तक.

इथे मी ध्वनिफीत थांबवली. 'धर्माचं सोड, पण मुलंबाळं?' ताईचं तेच वाक्य एका अनोळखी, मृदू आवाजात माझ्या कानात आलं होतं. खालच्या कोर्टात देवाचं नाव घेऊन शिक्षा दिली, ती जोडी गाव सोडून गेली, आणि वरच्या कोर्टात मांडताना त्याच बंदीवर मुलांच्या काळजीचं पांघरूण घातलं. छापील प्रत वाचून हे कळलं असतं का? कदाचित कळलं असतं. पण मॅकिलवेन यांच्या आवाजातली ती काळजी ऐकल्यावर एक गोष्ट जास्त स्पष्ट झाली. असं बोलणारा माणूस दुष्ट असायला लागत नाही. माझी ताई दुष्ट नाही.

पुढे सरन्यायाधीश अर्ल वॉरेन विचारतात की आंतरधर्मीय लग्नांबद्दलही लोकांच्या अशाच भावना असतात, मग सरकार तीही बंद करू शकेल का? मॅकिलवेन यांचं उत्तर मी चारदा ऐकलं. आंतरवंशीय लग्नांवर बंदी घालायला जो पुरावा आहे, तो आंतरधर्मीय लग्नांच्या बाबतीतल्या पुराव्यापेक्षा बळकट आहे, असं ते सांगतात. म्हणजे तत्त्व म्हणून ते दार बंद करत नाहीत, फक्त पुरावा कमी पडतो म्हणतात. प्रश्नातला धोका त्यांना दिसलाच नाही, की दिसूनही दुसरं उत्तर देणं शक्य नव्हतं, ते मला ठरवता आलं नाही.

या फितीत बहुतेक जण शोधतात ते लव्हिंग दांपत्याचे वकील बर्नार्ड कोहेन यांचं वाक्य. लव्हिंग पतिपत्नी कोर्टात आले नव्हते. रिचर्डने वकिलाकरवी निरोप धाडला होता : कोर्टाला सांगा, माझं माझ्या बायकोवर प्रेम आहे, आणि मला तिच्याबरोबर व्हर्जिनियात राहता येत नाही हा निव्वळ अन्याय आहे. कोहेन हे वाक्य मुळीच नाट्यमय करत नाहीत, आणि ते बरंच केलंय.

माझ्या मते मात्र तितकंच मोलाचं आहे ते विल्यम मारुतानी यांचं बोलणं. जपानी वंशाच्या अमेरिकी नागरिकांच्या संघटनेतर्फे ते न्यायमित्र, म्हणजे पक्षकार नसूनही कोर्टाला मदत म्हणून बोलणारे वकील, म्हणून उभे आहेत. व्हर्जिनियाच्या कायद्यात गोरा कोण, तर ज्याच्यात गोऱ्या वंशाखेरीज दुसऱ्या कुठल्याही रक्ताचा अंश नाही तो. मारुतानी शांतपणे म्हणतात की युरोपात शतकानुशतकं स्वाऱ्या झाल्या, लोकसंख्या इकडून तिकडे हलल्या, तिथल्या वंशजांना हे सिद्ध करणं जवळजवळ अशक्य आहे. दालनात बसलेल्या प्रत्येकाला आपापले आजे-पणजे आठवावे लागले असतील. मी डोळे मिटून ऐकत होते आणि माझी बोटं नकळत मांडीवर रेघा मारत होती.

निकाल 12 जून 1967 ला लव्हिंग दांपत्याच्या बाजूने लागला, नऊही न्यायमूर्तींचा एकमताचा. तोपर्यंत 16 राज्यांत असे कायदे शिल्लक होते.

2015 चं ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे, वेग जास्त आहे. 'ओबर्गफेल विरुद्ध हॉजेस', समलिंगी लग्नांवरच्या बंदीचा खटला, 28 एप्रिल, एकूण अडीच तास. समलिंगी जोडप्यांच्या बाजूने मेरी बोनॉटो यांचं बोलणं संपतं आणि प्रेक्षकांतून एक माणूस ओरडायला लागतो, याला पाठिंबा द्याल तर नरकात जळाल. त्याला बाहेर नेतात, आवाज लांब जातो. न्यायमूर्ती स्कालिया म्हणतात की हे खरं तर ताजंतवानं करणारं होतं, आणि दालनात हशा पिकतो. मला हसू आलं नाही. तो ओरडा माझ्या मुलासाठीही होता. पण एक गोष्ट मी मनात टिपून ठेवली. त्या दिवशी न्यायालयात इतक्या उघडपणे देवाच्या शिक्षेचं नाव घेणारा तेवढा एकच आवाज होता, आणि त्याला बाहेर काढलं गेलं. बंदीच्या बाजूचे वकील जॉन बर्श यांच्या युक्तिवादाचा मोठा भाग मुलांवर होता. मुलांना जन्मदात्या आईबापांशी कायमचं बांधून ठेवावं, एवढ्याचसाठी सरकारला लग्नात रस आहे, असं त्यांचं म्हणणं. न्यायमूर्ती गिन्सबर्ग विचारतात, सत्तर वर्षांचं जोडपं लग्नाचा परवाना मागायला आलं तर? त्यांना काही विचारायचीही गरज नाही, मुलं होणार नाहीत हे दिसतंच. गिन्सबर्ग यांच्या आवाजात जराही चढउतार नाही.

ज्यांचं म्हणणं कोर्टापुढे होतं त्यांत मिशिगनच्या दोन परिचारिका होत्या. त्यांनी मुलं दत्तक घेतली होती, त्यांत विशेष गरजा असलेली एक मुलगीही होती. पण त्या राज्यात एकट्या व्यक्तीला किंवा विवाहित स्त्रीपुरुषालाच दत्तक घेता येत असल्यामुळे प्रत्येक मुलाला कायद्याने दोघींपैकी एकच आई मिळत होती. मुलांच्या काळजीचा युक्तिवाद या मुलांपुढे ठेवून पाहिला की तो पार कोसळतो. बर्श यांचा भाग ऐकताना मी ही मुलं सतत डोळ्यांपुढे ठेवली होती.

धर्माबद्दलची खरी, गंभीर काळजीही याच फितीत आहे आणि ती वगळू नका. पुरोहिताला आपल्या श्रद्धेविरुद्ध अशी लग्नं लावावी लागतील का, हे स्कालिया बोनॉटोंना खोदून विचारतात. बोनॉटो नाही म्हणतात. न्यायमूर्ती केगन दाखला देतात की ज्यू आणि बिगरज्यू यांचं लग्न लावायला नकार देणारे पुष्कळ रब्बी आहेत, आणि धर्मावरून भेदभाव करायला संविधानाची मनाई असूनही त्यांच्यावर कुणी सक्ती करत नाही. मला हा सगळ्यात उपयोगी भाग वाटला. मंदिरात, चर्चमध्ये कुणाचं लग्न लावायचं हा त्या त्या धर्माचा प्रश्न. नोंदणीच्या कचेरीत परवाना कुणाला द्यायचा हा सगळ्यांचा प्रश्न. ताईच्या बोलण्यात हे दोन्ही एकत्र मिसळलेले होते आणि माझ्याही डोक्यात होते. निकाल 26 जून 2015 ला पाच विरुद्ध चार असा जोडप्यांच्या बाजूने लागला.

हा संग्रह कुणाला पुरेल आणि कुणाला नाही? संपूर्ण इतिहास हवा असेल तर एवढ्यावर भागणार नाही. इथे एका न्यायालयाचे आवाज आहेत. 1948 चा कॅलिफोर्नियातला 'पेरेझ' खटला राज्याच्या न्यायालयातला, तो तुम्हाला दुसरीकडे वाचावा लागेल. जरूर वाचा, कारण तिथे वेगवेगळ्या वंशांच्या, पण दोघंही कॅथलिक असलेल्या जोडप्याने उलट म्हटलं होतं की आमचं चर्च आमचं लग्न मान्य करतं, तेव्हा सरकारची बंदी आमच्याच धर्मस्वातंत्र्यावर घाला आहे. लेखी निवेदनंही आवाजात येत नाहीत. 1967 मध्ये कॅथलिक बिशपांच्या एका गटाने लव्हिंग दांपत्याच्या बाजूने निवेदन दिलं होतं आणि 2015 मध्ये अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांची परिषद जोडप्यांच्या विरोधात होती, तर एपिस्कोपल या दुसऱ्या ख्रिस्ती पंथातले अनेक बिशप बाजूने. धर्म म्हणजे एकच आवाज, असं फक्त ध्वनिफिती ऐकून वाटू शकतं. कागद वाचले की तसं वाटत नाही.

सुरुवात 1967 पासूनच करा, मॅकिलवेन यांच्यापासून. आपल्या बाजूचं गोड बोलणं आधी ऐकलं की समोरच्याचं ऐकायची तयारी उरत नाही. वही जवळ ठेवा आणि प्रत्येक 'कारण की' पुढे काय आलं तेवढंच लिहा. मी असं दोन्ही खटल्यांचं लिहिलं, दोन पानं भरली, आणि ती पानं ताईला पाठवली. तिने अजून उत्तर दिलेलं नाही. फोनवर इतर सगळं बोलतो.

मुलाने हा दुवा मला पाठवला खरा, पण तो स्वतः कोहेन यांचं वाक्य ऐकून थांबला होता. मारुतानींपर्यंत तो गेलाच नाही. पुढच्या आठवड्यात दोघंही राहायला येत आहेत, तेव्हा तो भाग मी त्यांना माझ्यासमोर बसवून ऐकवणार आहे.