आधी ओटीपी, मग डॉक्टर

मी एका सहकारी बँकेत २२ वर्षं नोकरी करते. काउंटरवर येणाऱ्या आजी-आजोबांना दिवसातून दहा वेळा बजावते, ओटीपी कुणाला सांगू नका. आणि मीच एका पंचविशीतल्या मुलीला माझ्या मोबाइलवरचा सहा आकडी ओटीपी चष्मा नाकावर सरकवून, नीट सुटा सुटा वाचून दाखवला. ती 'थँक्यू काकू' म्हणाली. लाज वाटते, पण आमच्यानंतर कोथरूडमधल्याच आणखी दोन सोसायट्यांत तेच मोफत नेत्रतपासणीचं शिबिर झाल्याचं कळलं, म्हणून लिहायला बसले.

लेक २२ वर्षांची. चौथीपासून चष्मा. गेल्या वर्षी हिंजवडीला नोकरी लागली आणि जून उजाडल्यावर रोज तेच. चांदणी चौकात पाऊस, हेल्मेटच्या काचेवर थेंब, आत चष्म्यावर वाफ. 'आई, मी अंदाजाने गाडी चालवते,' असं ती म्हणाली त्या रात्री मला झोप लागली नाही. कॉन्टॅक्ट लेन्स होत्या, पण तिला लहानपणापासून ॲलर्जी. डोळे खाजायचे. मूठ वळून बोटांच्या पेरांनी डोळे करकरा चोळायची तिची सवय शाळेपासूनची, आणि 'चोळू नकोस गं' हे माझं पालुपद.

अशात सोसायटीच्या ग्रुपवर सूचना आली. रविवारी क्लब हाउसमध्ये मोफत नेत्रतपासणी. टेबलावर एक यंत्र. त्यात हनुवटी टेकवली की लांबवर जाणारा रस्ता आणि त्याच्या टोकाला रंगीत फुगा दिसतो, आणि यंत्र नंबराची चिठ्ठी छापून देतं. यंत्रामागे पांढरा कोट घातलेला मुलगा. सगळे त्याला डॉक्टर म्हणत होते, तोही 'हं' म्हणत होता. त्याने चिठ्ठी फाडली, लेकीकडे बघितलं आणि म्हणाला, 'हिचा चष्मा दहा मिनिटांत जाईल.' लॅसिकने, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवायच्या लेसर ऑपरेशनने.

गुरुवारी त्यांच्या सेंटरवर गेलो. काचेची दारं, थंडगार एसी, कॉफी. लेकीने तिथेच बेसिनपाशी लेन्स काढल्या आणि लगेच दुसऱ्या यंत्रावर बसली. बुबुळाचा, म्हणजे डोळ्यावरच्या पारदर्शक कॉर्नियाचा, रंगीत नकाशा काढतात ते टोपोग्राफीचं यंत्र. पाच मिनिटं. नकाशा आम्हाला दाखवला नाही. 'नॉर्मल आहे' एवढंच. मग आम्हाला एका छोट्या केबिनमध्ये नेलं, तिथे ती काउन्सेलर. पुढचा पाऊण तास तिचा.

डॉक्टर कधी भेटतील, असं मी विचारलं होतं. 'सर शनिवारी येतात, ऑपरेशनच्या आधी बघतातच.' पॅकेज ८०,००० रुपयांचं, आज नोंदवलं तर ६२,०००. मी घुटमळले तेव्हा तिने आवाज खाली आणला. 'काकू, मेडिक्लेम आहे ना? साडेसातच्या वरचा नंबर असेल तर विम्यात बसतं. आपण आठ लिहू.' लेकीचा नंबर साडेपाच. विमा कंपन्या साडेसातच्या आतल्या नंबरासाठी केलेल्या ऑपरेशनचे पैसे देत नाहीत, हे खरंच आहे. खरं सांगते, मी तिथे ताडकन उठले नाही. 'ह्यांना विचारते' म्हणाले. ह्यांनी फोनवर 'खोटं काही लिहायचं नाही' असं सुनावल्यावर मग माझा सच्चेपणा जागा झाला. जी बाई विमा कंपनीसाठी साडेपाचाचे आठ करते, ती आमच्यासाठी कशाचं काय करत असेल, हे तेव्हा डोक्यात यायला हवं होतं.

विमा नाही तर 'नो कॉस्ट ईएमआय'. ५,००० रोख, उरलेल्या ५७,०००चे १२ हप्ते, महिना ४,७५०. तिने टॅबवर काहीतरी भरलं, माझ्या मोबाइलवर ओटीपी आला. मी समजत होते की हप्ते सेंटरला द्यायचे आहेत. प्रत्यक्षात त्या मिनिटाला एका फायनान्स कंपनीने माझ्या नावावर कर्ज काढून पैसे सेंटरच्या खात्यात टाकलेसुद्धा. दिवसभर कर्जाचे कागद हाताळणारी मी, माझ्या कर्जाचा कागद ईमेलमध्ये आला तो उघडला पंधरा दिवसांनी.

ऑपरेशन पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी ठरलं. मधल्या मंगळवारी सासूबाईंचा मोतीबिंदू दाखवायला टिळक रोडच्या मागच्या गल्लीतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. गाडी लेकीनेच चालवली. तिथे आधी एक ऑप्टोमेट्रिस्ट नंबर तपासते. बोलता बोलता शनिवारचं निघालं. तिने सहज विचारलं, 'बघू का तुझा?' अंधार केला, हातातल्या रेटिनोस्कोपचा उजेड डोळ्यात आडवा-उभा फिरवला, आणि थांबली. परत फिरवला. मग आत जाऊन डॉक्टरांना घेऊन आली. बाहुलीत दिसणारी प्रकाशाची पट्टी सरळ सरकायच्या ऐवजी कात्रीच्या पात्यांसारखी उघडमीट होत होती, हे तिने नंतर सांगितलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण आमच्या सोसायटीत आता सगळे ऑप्टोमेट्रिस्टना शिव्या घालतात. शिबिरातला मुलगाही ऑप्टोमेट्रिस्टच होता. चार वर्षांचं शिक्षण असतं त्यांचं, नंबर काढणं, चष्मा-लेन्स देणं, शंका आली तर पुढे पाठवणं हे त्यांचंच काम. ऑपरेशनचा निर्णय मात्र एमबीबीएसनंतर नेत्ररोगात एमएस किंवा डीएनबी वगैरे केलेल्या डॉक्टरांचा. माझ्या लेकीचा डोळा एका ऑप्टोमेट्रिस्टमुळे वाचला. दुसऱ्याने 'मी डॉक्टर नाही' एवढे तीन शब्द उच्चारले नाहीत.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो त्या काचेच्या सेंटरमध्ये कुणालाच सुचला नव्हता. 'जुने नंबर आहेत का?' आहेत म्हणजे काय, मी विजेची बिलंही फेकत नाही. घरी जाऊन कपाटातली प्लॅस्टिकची पिशवी आणली. त्यांनी टेबलावर चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या तारीखवार मांडल्या. दहावीत उणे ३.७५, बारावीत उणे ४.५०, दोन वर्षांपूर्वी उणे ५.००, आता उणे ५.५०. मी तेच आकडे बघत होते. त्यांचं बोट शेजारच्या रकान्यावर होतं. सिलिंडर, म्हणजे बुबुळाचा बाक सगळीकडे सारखा नसला की येणारा नंबर: ०.५०, ०.७५, १.२५, २.००. 'हा का वाढतोय ते आधी बघू. लेन्स दोन आठवडे बंद, मग नकाशा काढू.' लेन्समुळे बुबुळ तात्पुरतं दबतं आणि नकाशा फसवा येतो, म्हणून दोन आठवडे. शनिवार अर्थातच रद्द.

दोन आठवड्यांनी नकाशा आला तो डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवून दाखवला. वर हिरवा-निळा, बुबुळाच्या खालच्या अर्ध्यात लाल डाग. डाव्या डोळ्यात जास्त. केरॅटोकोनसची सुरुवात. बुबुळ पातळ होत होत शंकूसारखं पुढे येऊ लागतं. डोळे चोळणं हे त्यामागच्या कारणांपैकी एक. मला माझं पालुपद आठवलं.

मग त्यांनी माझ्यातल्या कारकुनाला समजेल असा हिशेब पाठकोऱ्या कागदावर केला. बुबुळाची जाडी सर्वसाधारणपणे ५४० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे अर्धा मिलिमीटर आणि थोडं वर. लेकीच्या डाव्या डोळ्याची ४७८. लॅसिकमध्ये वरची चकती, फ्लॅप, उचलतात, ती ११०ची धरा. खाली लेसरने दर नंबरामागे १२ ते १५ मायक्रॉन घासले जातात. साडेपाच आणि वर सिलिंडर, म्हणजे जवळपास १०० गेले. उरले २६८. किमान २५० उरावेत असं म्हणतात, काळजी घेणारे डॉक्टर ३०० धरतात. 'पण जाडी ४७८च्या जागी ५३० असती तरी मी हात लावला नसता,' ते म्हणाले. 'मुळात आकार बिघडतोय. अशा भिंतीला आणखी तासलं की ती फुगते. मग चष्म्यानेही नीट दिसत नाही. कडक लेन्स लागते, कधीकधी बुबुळ बदलायची वेळ येते.'

लेकीने विचारलं, मग ते नवं 'ब्लेडलेस' वगैरे? ब्लेडलेस म्हणजे चकती पात्याऐवजी लेसरने कापतात, बुबुळातून वजाबाकी तीच. स्माइलमध्ये चकती न उचलता छोट्या छेदातून आतला पापुद्रा काढतात. पीआरकेमध्ये चकतीच नसते, वरून घासतात, चार-पाच दिवस दुखतं. प्रत्येकाची जागा आहे, पण हिच्या डोळ्यात नाही. डोळ्याच्या आत बसवायची आयसीएल लेन्स बुबुळ घासत नाही, पण त्याआधी हा आजार थांबायला हवा. थेंब टाकून बाहुली मोठी करून त्यांनी पडदाही तपासला. मोठ्या उणे नंबरात डोळा लांबलेला असतो, पडदा ताणलेला. समोरून लेसर करून चष्मा गेला तरी ती लांबी तशीच राहते. सेंटरवर थेंब टाकलेच नव्हते. अर्ध्या तासाचा खोळंबा झाला असता ना!

आता पैसे. 'ऑपरेशन केलंच नाही, परत द्या' म्हटल्यावर सेंटरचं उत्तर, 'कर्ज फायनान्स कंपनीचं आहे, त्यांच्याशी बोला.' कंपनी म्हणे, 'पैसे सेंटरला दिले, त्यांच्याशी बोला.' मोबाइलवरून घेतलेल्या अशा कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कूलिंग ऑफची मुदत असते. त्या दिवसांत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून बिनदंड बाहेर पडता येतं. ती मुदत त्या न उघडलेल्या ईमेलमध्ये छापली होती आणि उलटून गेली होती. दोन हप्ते कापले गेले.

मी तपासणीची कागदपत्रं मागितली. आधी 'आम्ही देत नाही', मग 'सिस्टिम बंद आहे'. शेवटी लेखी अर्ज केला आणि पोच घेतली. डॉक्टरांच्या आचारसंहितेत, २००२च्या नियमांत, रुग्णाने नोंदी मागितल्या तर ७२ तासांत द्याव्यात असं आहे, ते अर्जात लिहिलं. तिसऱ्या दिवशी पाकीट मिळालं. आत तो न दाखवलेला नकाशा होता. तोच लाल डाग. लेन्स नुकत्याच काढलेल्या होत्या हे धरलं तरी यंत्राने स्वतःहून कोपऱ्यात संशयाची खूण छापलेली. आणि खाली पेनाने लिहिलेलं, 'लॅसिकसाठी योग्य'. सही वाचता येत नाही, नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर डॉक्टरचं नाव टाकलं की नोंदणी दिसते, पण त्यासाठी आधी नाव तर हवं. तो कागद मी किती वेळ हातात धरून बसले होते कोण जाणे.

मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नकाशा जोडला. सेंटरला ईमेलही पाठवला की ग्राहक आयोगात जाणार आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते, आणि पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा त्या कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलंय. तीन आठवड्यांनी त्यांनी कर्ज बंद केलं, हप्ते परत आले. ५,००० 'फाइल चार्ज' म्हणून ठेवून घेतले. फायनान्स कंपनीचे प्रोसेसिंगचे १,१८० गेले ते गेलेच. त्या ५,०००साठी आयोगात जायचं की नाही यावर घरात रोज वाद. मी जाणार आहे.

चार महिन्यांनी डाव्या डोळ्याचा नकाशा आणखी सरकला, तेव्हा त्या डोळ्याला क्रॉसलिंकिंग केलं. रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचे थेंब टाकून वरून अतिनील किरण देतात, बुबुळ कडक होतं. नंबर जात नाही. ॲलर्जीचे थेंब चालू आहेत. पावसात ती आता कंपनीच्या बसने जाते. झोपेत मात्र अजून हात डोळ्याकडे जातो. मी उठले तर हलकेच बाजूला करते.

परवा ग्रुपवर पुन्हा सूचना पडली. रविवारी क्लब हाउसमध्ये मोफत नेत्रतपासणी, तेच लोक. मी सेक्रेटरींना फोन करून सगळी कथा पुन्हा ऐकवली, नकाशाचा फोटो पाठवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

'वहिनी, तुमचं बरोबर आहे,' ते म्हणाले, 'पण हॉलचं भाडं ते आगाऊ भरतात हो.'

रविवारी मी त्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसणार आहे. पिशवी घेऊन.